बोलका सिग्नल आणि मुकी यंत्रणा

रस्त्यावरच्या लाल दिव्यापाशी अंध व्यक्तींसाठी आवाजाची सोय करावी, झेब्रा क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर पायाला जाणवतील अशा खुणा कोराव्यात आणि पदपथाच्या कडांना उतार द्यावा, असे भारताच्या संसदेने १९९५ मध्ये कायद्यात लिहिले. अपंग व्यक्तींना समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि पूर्ण सहभाग देण्यासाठी झालेल्या कायद्याचे ते ४५ वे कलम. हा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. त्यानंतर केंद्रात अनेक सरकारे आली आणि गेली, राजधानीत मेट्रो धावू लागली, रिंग रोडवर एकापाठोपाठ एक उड्डाणपूल उभे राहिले. एवढ्या अवधीत वाहनचालकाला सेकंद मोजून दाखवणारे आकडे चौकाचौकांत झळकू लागले. पण दिल्लीच्या बहुतेक चौकांतला सिग्नल अंध माणसापुरता मुकाच राहिला.

हा विषय आता पुन्हा ऐरणीवर आला आहे तो सर्वोच्च न्यायालयामुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेसंबंधी आणि मे व ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचाऱ्यांसंबंधी न्यायालयाने जे निकाल आणि आदेश दिले, त्यांनी केंद्र व राज्य सरकारांना मुदती घालून दिल्या. त्याच सुमारास दुसरी एक चर्चाही जोर धरताना दिसते: मोबाइलमध्ये डोके घालून, कानात इअरफोन अडकवून रस्ता ओलांडणाऱ्यांचे काय करायचे? वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. एकाला दिसत नाही, दुसरा पाहत नाही. पहिल्याबद्दल सरकारी यंत्रणेच्या मनात कणव असते, दुसऱ्याबद्दल चीड. मात्र कणव आणि चीड या दोन्ही भावनांचा प्रशासकीय परिणाम एकच होतो. पहिल्याला कोणी भला माणूस हात देईल, असे गृहीत धरले जाते. दुसऱ्याने स्वतःच सुधारावे, असे बजावले जाते. रस्ता ज्याच्या मालकीचा आहे त्याने काय करावे, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूला पडतो.

प्रथम दृष्टिहीन माणूस रस्ता कसा ओलांडतो हे समजून घेतले पाहिजे, कारण धोरण आखणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची कल्पना नसते. तो वाहनांच्या अंतरावर नव्हे, तर त्यांच्या आवाजावर विसंबतो. चौकात उभा राहून तो दोन प्रवाह ऐकतो: एक समोरून आडवा जाणारा, दुसरा त्याच्या चालण्याच्या दिशेला समांतर. आडवा प्रवाह थांबला आणि समांतर वाहने एकदम सुटली की त्या आवाजाच्या आधाराने तो त्यांच्यासोबत सरळ रेषेत पुढे सरकतो. प्रशिक्षणात हेच शिकवले जाते. हे तंत्र यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. वाहने सिग्नल पाळणारी हवीत, आवाजात फरक ओळखता येईल इतकी शांतता हवी आणि निघताना अंगाची दिशा अचूक हवी. रस्त्याच्या मध्ये पोचेपर्यंत पाऊल थोडे जरी तिरके पडत गेले, तरी माणूस समोरच्या पदपथाऐवजी चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहतो.

दिल्लीत या तिन्ही अटी मोडीत निघाल्या आहेत. हॉर्नच्या अखंड कल्लोळात प्रवाह वेगळे ऐकू येत नाहीत. बहुतेक मोठ्या चौकांत डावे वळण मोकळे ठेवलेले असते. म्हणजे पादचाऱ्यासाठी हिरवा माणूस लागला तरी डावीकडून वळणारी वाहने थांबत नाहीत. ल्युटेन्सने आखलेल्या नवी दिल्लीची शोभा असलेली वर्तुळे तर दृष्टिहीनांसाठी सर्वांत अवघड. वर्तुळात वाहतूक कधी पूर्ण थांबतच नाही, त्यामुळे ‘आता थांबली’ असे सांगणारा आवाजही नसतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून इंडिया गेटच्या षट्कोनाकडे पायी निघालेल्या डोळस माणसालाही क्षणभर थबकावे लागते. कर्तव्यपथाचे नूतनीकरण २०२२ मध्ये झाले तेव्हा तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधण्यात आले. मनात आणले तर पैसाही असतो आणि अभियंतेही असतात, हे त्यातून दिसले. मात्र ही तत्परता राजपथाच्या नव्या रूपासाठी होती, शहरातल्या सामान्य चौकांसाठी नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९९५ च्या कायद्याने सांगितलेला आवाजाचा सिग्नल चौकात नुसता नेऊन बसवला, तर प्रश्न सुटत नाही. उलट तो धोकादायकही ठरू शकतो. सिग्नलमधून ‘आता चला’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी मोकळ्या डाव्या वळणावरून मोटारसायकल येते. ज्याला ती दिसत नाही त्याच्याशी शासनाचे यंत्रच खोटे बोलले, असा याचा अर्थ होतो. म्हणून बोलका सिग्नल हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. त्याआधी त्या काही सेकंदांपुरती सर्व बाजूंची वाहने थांबवणारा टप्पा हवा, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीला उचललेली हवी म्हणजे वाहनाचा वेग आपोआप पडतो, दुभाजकाच्या मध्यभागी थांबायला सुरक्षित जागा हवी आणि पायाखाली दिशा सांगणारी फरशी हवी.

या फरशीची कथा मोठी उद्बोधक आहे. सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने १९६५ मध्ये ती शोधली आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसवली गेली. तिची भाषा साधी आहे. लांबट उंचवटे म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पिवळा रंग अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. आपल्याकडे ही फरशी आली, निविदांमध्ये तिला जागाही मिळाली, पण तिची भाषा सोबत आली नाही. ठिपक्यांच्या जागी पट्ट्या बसवल्या जातात, मॅनहोल आले की पट्टी मध्येच तुटते, विजेचा खांब आला की पट्टी सरळ खांबाला जाऊन भिडते. दुचाकी पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेले ठेंगणे खांब चाकाच्या खुर्चीला अडवतात आणि अंधाच्या गुडघ्यावर आदळतात. कंत्राटदाराच्या दृष्टीने ती रंगीत फरशी आहे. देयक चौरस मीटरवर निघते, अर्थावर निघत नाही.

आता लक्ष नसलेल्या पादचाऱ्याकडे वळू. मोबाइलचा धोका खोटा नाही. चालताना पडद्याकडे पाहणारा माणूस सावकाश चालतो, डावी-उजवीकडे पाहायला विसरतो. कानात संगीत असेल तर वाहनाचा आवाजही त्याला ऐकू येत नाही, म्हणजे तो स्वतःहून तात्पुरता अंध आणि बधिर होतो. यावर जगात दोन प्रकारचे उपाय झाले. होनोलुलु शहराने २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना मोबाइलकडे पाहण्यास मनाई करून दंड ठेवला. जर्मनीतल्या आउग्सबुर्गने २०१६ मध्ये ट्रामच्या थांब्यांपाशी जमिनीतच लाल दिवे बसवले, कारण खाली मान घातलेल्याला जमीन तेवढी दिसते. नेदरलँड्समधल्या बोडेग्रावेनने पुढच्याच वर्षी असा प्रयोग केला, तर दक्षिण कोरियात हे जमिनीवरचे सिग्नल बऱ्याच ठिकाणी दिसू लागले. एका शहराने माणसाला दंड केला, दुसऱ्याने रस्ता बदलला. आपल्या यंत्रणेचा कल कोणत्या बाजूला असतो हे सांगायला नको.

मात्र आकडे काय सांगतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाच मृतांमागे एक. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. राजधानीतले प्रमाण तर देशाच्या सरासरीहून कितीतरी वाईट. दिल्लीच्या रस्त्यांवरील मृतांमध्ये पादचाऱ्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर राहिला आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार चालकाने धोका पाहिल्यापासून साधारण १३ मीटरमध्ये थांबते. वेग ५० असेल तर तिला २७ मीटर लागतात. या १४ मीटरच्या फरकात पादचाऱ्याचे जगणे-मरणे ठरते, मग तो मोबाइल पाहत असो, पांढरी काठी टेकत असो किंवा हाताशी नातू घेऊन चाललेला म्हातारा असो. पादचाऱ्याचे लक्ष नव्हते असे पोलिसांच्या कागदावर लिहिणे सोपे, कारण तो बहुधा सांगायला उरलेला नसतो.

अमेरिकेत १९२० च्या दशकात हेच घडले होते. मोटारींनी माणसे मारायला सुरुवात केल्यावर लोकमत मोटारींविरुद्ध गेले, तेव्हा मोटार उद्योगाच्या हितसंबंधीयांनी ‘जेवॉकर’ हा गावंढळ माणसाला हिणवणारा शब्द पादचाऱ्याला चिकटवला आणि दोष चालणाऱ्यावर ढकलला. मोबाइलवाला पादचारी हा या घडीचा ‘जेवॉकर’ आहे. त्याला समज द्यावी, शाळा-महाविद्यालयांत शिकवावे, यात गैर काही नाही. पण ज्या चौकात माणसाची एक चूक थेट मृत्यूपर्यंत नेते, तो चौक चुकीचा बांधलेला आहे, हे आधी मान्य करावे लागेल. अंधासाठी केलेली सोय मोबाइलवाल्यालाही वाचवते, यातली गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. आवाज झाला की पडद्यावरची नजर वर येते. पायाखाली ठिपके लागले की पाऊल अडखळते.

कायद्याच्या बाजूकडे पाहिले तर तीस वर्षांचा प्रवास विचित्र आहे. १९९५ च्या कायद्यातले ४५ वे कलम नेमके होते. त्यात सिग्नलचा आवाज, कोरलेले झेब्रा क्रॉसिंग, रेल्वे फलाटाची कड, सगळे नावानिशी होते. त्याची पळवाट कलमाच्या सुरुवातीलाच होती: सरकार आणि स्थानिक संस्थांनी हे ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ करायचे होते. उड्डाणपुलासाठी ही मर्यादा कधी आडवी आल्याचे ऐकिवात नाही. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला. नव्या कायद्याची भाषा हक्काची आहे, पण नेमकेपणा मात्र ओसरला. सिग्नलचा आवाज कायद्याच्या मूळ मजकुरातून गेला. ४१ व्या कलमात ‘सुगम्य रस्ते’ एवढाच उल्लेख राहिला आणि तपशील मानकांवर सोपवला गेला. मानके कोणती? २०१७ च्या नियमांतल्या १५ व्या नियमाने नगरविकास खात्याच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. ‘करावे’ची जागा ‘करता आल्यास बरे’ने घेतली.

दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले, त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. अभियानात सरकारी इमारती, विमानतळ, रेल्वे स्थानके, बसगाड्या आणि संकेतस्थळे यांची उद्दिष्टे ठरली. इमारतीच्या दारापर्यंत उतार आला, लिफ्टमध्ये ब्रेलची बटणे आली. त्या दारापर्यंत पोचण्यासाठी जो रस्ता ओलांडावा लागतो, त्याचा हिशेब मात्र कोणाच्याच तक्त्यात नव्हता. शासकीय नोकऱ्यांत दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकल्या आणि भारतीय प्रशासकीय सेवेतल्या पहिल्या दृष्टिहीन महिला अधिकारी ठरल्या. राजधानीच्या मंत्रालयांत कारकुनापासून वरिष्ठ पदांपर्यंत दृष्टिहीन कर्मचारी काम करतात. शासन त्यांना खुर्ची देते, संगणकावर वाचून दाखवणारी प्रणाली देते. कार्यालयासमोरचा बसथांबा रस्त्याच्या पलीकडे असेल तर मात्र त्यांना वाटसरूची वाट पाहावी लागते. (जाता जाता एक सूचना: अशा वेळी मदत करणाऱ्याने त्यांचा दंड धरून ओढू नये. आधी विचारावे आणि आपला कोपर पुढे करावा. ते स्वतः धरतात आणि अर्धे पाऊल मागून चालतात. हाताला धरून फरफटत नेण्याने दिशेचे भान जाते.)

राजीव रतुडी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सविस्तर निकाल देऊन अनेक मुदती घातल्या. त्या पाळल्या जात नाहीत असे दिसल्यावर हैदराबादच्या ‘नालसार’ विधी विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडून अहवाल मागवला गेला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १५ व्या नियमाचे पहिले उपकलम मूळ कायद्याशी विसंगत ठरवले. कायदा सक्ती सांगतो आणि नियम शिफारस करतो, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. किमान, तडजोड न करता येणारे नियम वेगळे काढून ते तीन महिन्यांत करावेत असा आदेश झाला. ती मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली.

या निकालाचे महत्त्व मान्य करूनही एक शंका नोंदवली पाहिजे. न पाळल्यास काय, याचे उत्तर न्यायालयाने दिले ते पूर्णत्वाचा दाखला रोखण्याचे आणि दंडाचे. पूर्णत्वाचा दाखला इमारतीला असतो. २०१६ च्या कायद्याचे ४४ वे व ४५ वे कलमही मुख्यतः बांधकामाचा नकाशा आणि सार्वजनिक इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. चौक हा कुणाच्या नकाशात मंजूर होत नाही. तो फीत कापून सुरू होतो आणि पुढे डांबराच्या थरांखाली बदलत राहतो. त्यामुळे नियम कितीही कडक केले, तरी चौकाला लागू पडेल अशी शिक्षा त्यांत नसेल तर रस्ता पुन्हा निसटेल. त्या दृष्टीने मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले कलम १९८-अ अधिक उपयोगाचे आहे. सुरक्षिततेची ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर रस्त्याची आखणी, बांधकाम वा देखभाल करणारे प्राधिकरण, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण दोष पादचाऱ्यावरून काढून रस्ता बांधणाऱ्यावर ठेवणारे हे कलम आहे. दुर्दैवाने ते पुस्तकात जितके दिसते तितके न्यायालयात दिसत नाही.

दिल्लीपुरता विचार केला तर खरी गाठ मालकीची आहे. साठ फुटांहून रुंद रस्ते बहुतांशी दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गल्लीबोळ महापालिकेकडे, ल्युटेन्सचा भाग नवी दिल्ली नगर परिषदेकडे, छावणीचा भाग संरक्षण खात्याच्या छावणी मंडळाकडे, काही रस्ते दिल्ली विकास प्राधिकरणाकडे, तर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. या सर्वांवर उभे असलेले सिग्नल मात्र वाहतूक पोलिसांच्या ताब्यात आणि पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या. अपंगांचा कायदा सामाजिक न्याय मंत्रालय पाहते, मानके शहरी कार्य मंत्रालय लिहिते, मोटार वाहन कायदा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. अंधासाठी एक चौक सुरक्षित करायचा तर फरशी एकाची, उतार दुसऱ्याचा, आवाज तिसऱ्याचा आणि पदपथावरचा विक्रेता हलवण्याचे काम चौथ्याचे. फायलीवर प्रत्येकाची टिप्पणी रास्तच असते.

उलट उदाहरण याच शहरात जमिनीखाली आहे. डिसेंबर २००२ मध्ये मेट्रोची पहिली गाडी शाहदरा ते तीस हजारी धावली तेव्हापासून तिथे पिवळी स्पर्शफरशी आहे, दरवाजा कोणत्या बाजूला उघडेल याची घोषणा आहे, लिफ्टमध्ये आवाज आहे. मेट्रोने हे साधले याचे कारण तिच्या अभियंत्यांना अधिक दया होती असे नव्हे. फलाटापासून फाटकापर्यंत सगळे एकाच संस्थेचे होते आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. दृष्टिहीन प्रवासी राजीव चौकात गाडी बदलून निर्धास्तपणे स्थानकाच्या तोंडाशी येतो. तिथे पिवळी पट्टी संपते आणि महानगर सुरू होते.

सत्ताधाऱ्यांनी आजवर या विखुरलेपणाचा आधार घेतला. नायब राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री या संघर्षात आम आदमी पक्षाच्या सरकारला प्रत्येक न झालेल्या कामाचे कारण सापडत असे, आणि त्यांत काही वेळा तथ्यही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय जनता पक्षाने दिल्ली विधानसभा जिंकली आणि एप्रिलमध्ये महापौरपदही त्याच पक्षाकडे गेले. केंद्र, राज्य आणि महापालिका एका पक्षाकडे आल्यावर ते कारण संपले. पण पादचारी ही मतपेढी नाही. मोटारवाला चिडला तर काय होते हे अंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गाने दाखवून दिले. २००८ मध्ये सुरू झालेला, बस, सायकल आणि पायी चालणारे यांना वेगळी जागा देणारा तो मार्ग २०१६ मध्ये उखडून टाकला गेला. त्याच्या आखणीत दोष होते. परंतु तो उखडताना दोष सुधारण्याची भाषा कोणी केली नाही. मोटारींची रांग हीच त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती.

राजकारण्यांना आवडणारा उपाय म्हणजे पादचारी पूल. त्याचे उद्घाटन होते, त्यावर फलक लागतो, मोटारीचा वेगही कमी होत नाही. मुंबईकरांना हे सांगायला नको. वांद्र्यात २००८ मध्ये पहिला स्कायवॉक उभा राहिला, मग उपनगरांत त्यांची माळच लागली आणि अनेक ठिकाणी लोक खालूनच चालत राहिले. दिल्लीतही तेच. दृष्टिहीनाला दोन मजले चढून, वळणे घेऊन, पुन्हा उतरून दिशा शोधणे म्हणजे वीस मीटरच्या रस्त्यासाठी दोनशे मीटरचा चक्रव्यूह. नियोजनात माणसाचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. सहा पदरी रस्ता आणि दुभाजक मिळून २४ मीटर धरले तर वीस सेकंद लागतात. वृद्धाला आणि काठीने चाचपणाऱ्याला त्याहून दहा सेकंद जास्त. हे दहा सेकंद मोटारीला थांबवून द्यायचे की माणसाला पुलावर चढवून वाचवायचे, याचा निर्णय तांत्रिक नाही.

सिंगापूरने तो २००९ पासून वेगळ्या रीतीने घेतला. तिथे ज्येष्ठ आणि अपंग नागरिक आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबाला लावतात आणि हिरवा दिवा तेवढ्या फेरीपुरता काही सेकंद वाढतो. मोटारींचा खोळंबा गरजेपुरताच होतो. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली एक लहानसा शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो बोटांखाली फिरू लागतो. नॉटिंगहॅम विद्यापीठात १९८० च्या दशकात घडवलेली ही युक्ती आहे. शेजारी-शेजारी दोन क्रॉसिंग असतील तर आवाजाने घोटाळा होतो, तो याने टळतो. रहिवाशांची झोपमोडही होत नाही. दिल्लीच्या गोंगाटात आवाजापेक्षा असा स्पर्शच अधिक विश्वासाचा ठरावा. न्यूयॉर्कची गोष्ट तर आपल्या अधिकाऱ्यांनी वाचण्यासारखी आहे. त्या श्रीमंत शहराच्या सुमारे १३,००० सिग्नलांपैकी चार टक्क्यांहूनही कमी ठिकाणी अंधांसाठी सोय होती. २०२० मध्ये संघीय न्यायालयाने हा अपंग कायद्याचा भंग ठरवला आणि पुढच्या वर्षी वेळापत्रकच आखून दिले: २०३१ अखेर दहा हजारांहून अधिक चौक, २०३६ पर्यंत सर्व. त्यावर देखरेखीसाठी स्वतंत्र व्यक्ती नेमली. आपल्या निकालांत मुदती असतात. चौकांची संख्या, वर्ष आणि देखरेख करणारा माणूस मात्र क्वचित असतो.

आपल्याकडे बुद्धीची वाण आहे असेही नाही. आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या चमूने बनवलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ पासून उपलब्ध आहे. पांढऱ्या काठीवर बसणारे हे उपकरण ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखून मुठीत कंप देते. झाडाची खाली आलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग यापासून ते वाचवते. परंतु वेगाने येणारी बस चुकवणे हे काठीचे काम नाही. सगळी हुशारी व्यक्तीच्या हातात देऊन रस्ता होता तसाच ठेवणे, ही एक प्रकारची जबाबदारीतून सुटकाच होय.

त्यातच नवी अडचण उभी राहिली आहे. वाहने निःशब्द होत चालली आहेत. दिल्लीच्या हवेसाठी विजेवरच्या बस हव्याच, ई-रिक्षांनी लाखोंना रोजगार दिला आहे. पण ज्याचे सगळे गणित कानावर चालते त्याच्यासाठी कमी वेगाने येणारे विजेचे वाहन हे अदृश्यच असते, आणि मोबाइलवाल्यालाही ते अंगावर येईपर्यंत कळत नाही. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात कृत्रिम आवाज काढणे सक्तीचे आहे. भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा सक्तीचा मसुदा काढला, तो प्रवासी मोटारी, बस आणि मालवाहू वाहनांसाठी. ई-रिक्षा आणि दुचाकी त्या वर्गवारीत बसत नाहीत. दिल्लीच्या मेट्रो स्थानकांबाहेर सर्वाधिक गर्दी नेमकी त्यांचीच असते.

कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक एस. राजशेखरन यांच्या २०१२ च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात मोठ्या शहरांतील पदपथ आणि ओलांडण्याच्या जागांचे परीक्षण करण्यास आणि राज्यांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१-अ) व २१०-ड खाली सहा महिन्यांत नियम करण्यास फर्मावले. ती मुदत एप्रिल २०२६ ची. हे नियम राज्यांचे आहेत, म्हणजे महाराष्ट्राचेही. त्यामुळे दिल्लीतल्या मराठी अधिकाऱ्यांपैकी जे पुढेमागे राज्यात परततील, त्यांच्याही टेबलावर हा विषय येणार आहे. नियम वाचताना प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात. परीक्षण करणाऱ्या पथकात दृष्टिहीन व्यक्ती आहे की नाही. कारण क्रॉसिंग ठीक आहे हा दाखला डोळस अभियंत्याने कारमधून उतरून देण्यात अर्थ नाही. रस्त्याच्या मूळ निविदेतच सिग्नलचा स्पर्श-आवाज आणि फरशीची योग्य मांडणी धरली आहे की ती नंतरच्या ‘सौंदर्यीकरणा’साठी राखली आहे. आणि प्रत्येक सिग्नलच्या चौकासाठी, तो बांधला कोणीही असो, उत्तर देणारा एकच अधिकारी पदनामासह नोंदला आहे का. दिल्लीत ही तिसरी नोंद करायची झाल्यास ती बांधकाम खात्याने करावी की वाहतूक पोलिसांनी, यावरच पहिली बैठक होईल.